झाँ सिव्हियाल आणि लॉगबुकातला एक रकाना : आरोग्य विज्ञान विद्यापीठाला खुलं पत्र

प्रति,
माननीय कुलगुरू आणि विद्वत परिषदेचे सर्व सदस्य,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ,
म्हसरूळ, नाशिक.

सविनय नमस्कार.

मागणी आधीच सांगतो, म्हणजे पुढच्या मजकुरात ती शोधत बसावं लागणार नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या लॉगबुकात, म्हणजे त्याच्या कामाच्या नोंदवहीत, शस्त्रक्रियेच्या नावापुढे साधारण तीनच गोष्टींची नोंद होते: पाहिली, मदत केली, स्वतः केली. त्या ओळीत आणखी एक रकाना हवा. शस्त्रक्रियेनंतर नव्वदाव्या दिवशी रुग्ण कसा होता? सुरुवात मूत्रशल्य (युरोलॉजी) विभागांपासून व्हावी, कारण या शाखेचा पाया ज्या माणसाने घातला, त्याने शस्त्रक्रियेनंतर रुग्णांचं काय झालं हा प्रश्न १८३५ मध्ये आपल्या व्यवसायबंधूंपुढे टाकला होता. झाँ सिव्हियाल हे त्या फ्रेंच शल्यचिकित्सकाचं नाव. त्याचं काम विद्यार्थ्यांना दोन तास तरी नीट शिकवावं, ही मागणीची दुसरी बाजू.

नाशिक जिल्ह्यात मूतखडा म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. उन्हं तापली की निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत, लासलगावच्या कांद्याच्या खळ्यांवर, मालेगावच्या यंत्रमागांवर माणसं दिवसभर घाम गाळतात आणि पाणी मात्र चहाच्या वेळीच पितात. दिवसाची लघवी दोन ते अडीच लिटर व्हायला हवी, ती लिटरभरही होत नाही. लघवी दाट झाली की त्यातलं कॅल्शियम आणि ऑक्झलेट विरघळलेल्या अवस्थेत राहत नाही, स्फटिक धरतं. पुढे कळ उठते, सोनोग्राफी होते, दुर्बिणीने खडा काढला जातो आणि घरचे म्हणतात, सुटलो एकदाचे. इथूनच आमचा प्रश्न सुरू होतो. पण आधी सिव्हियालकडे जाऊ.

त्याचा जन्म १७९२ चा, फ्रान्सच्या डोंगराळ ओव्हेर्न्य भागातल्या तिएझाक गावचा. घर साधं, ओळखीपाळखी नाहीत. पॅरिसला येऊन तो वैद्यक शिकला, ड्युप्युत्रेनसारख्या नामवंत शल्यचिकित्सकाच्या हाताखाली. त्या काळी मूत्राशयातल्या खड्यावर उपाय एकच होता: चिरफाड. गुदद्वार आणि अंडकोश यांच्या मधल्या जागी छेद घ्यायचा, मूत्राशयाच्या तोंडापर्यंत जायचं आणि चिमट्याने खडा ओढून काढायचा. भूल नव्हती. चार माणसं रुग्णाला धरून ठेवत. जंतू ही कल्पनाच नव्हती, त्यामुळे जो रक्तस्रावातून वाचे तो पुष्कळदा जखम चिघळून जाई. वाचला तरी कित्येकांना लघवीवर ताबा राहत नसे, किंवा छेदाच्या जागी कायमची वाहती वाट राहून जाई.

हा मार्ग आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातल्या सातव्या अध्यायात तो पायरीपायरीने सांगितलेला आहे: डाव्या हाताची दोन बोटं तेल लावून गुदद्वारातून आत घालायची, खडा पुढे ढकलून शिवणीजवळ (त्या जागेच्या मधोमध असलेल्या रेघेजवळ) आणायचा, शिवणीच्या डावीकडे जवाच्या दाण्याएवढं अंतर सोडून खड्याच्या मापाचा छेद घ्यायचा. दोन सूचना आजही कुठल्याही ऑपरेशन थिएटरच्या भिंतीवर लावाव्यात अशा आहेत. पहिली, खडा आत फुटू देऊ नका, कारण थोडासा चुराही मागे राहिला तर तो पुन्हा वाढतो. दुसरी, शस्त्रक्रियेआधी राजाची परवानगी घ्या, कारण न केली तर मृत्यू निश्चित आणि केली तर निकाल संशयित. आपल्या विद्यापीठात आयुर्वेदातल्या शल्यतंत्राचे विद्यार्थी हा अध्याय अभ्यासतात आणि मूत्रशल्याचे विद्यार्थी सहसा उघडत नाहीत. दोघांना एका वर्गात बसवावं असा हा विषय आहे.

सिव्हियालच्या डोक्यात विद्यार्थिदशेपासून वेगळंच होतं. छेद न घेता, लघवीच्या नैसर्गिक वाटेनेच आत जायचं. आधी त्याला खडा विरघळवायचा होता. खडा आतल्या आत एका पिशवीत कोंडायचा आणि त्यावर रासायनिक द्रव सोडायचा, म्हणजे मूत्राशय भाजणार नाही. १८१८ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्याने अवजार बनवण्यासाठी सरकारकडे पैसे मागितले. रसायनाची वाट त्याला साधली नाही, आणि अडचण मुळातलीच होती: आतला खडा कशाचा आहे हे तो बाहेर काढल्याशिवाय कळत नव्हतं. एका जातीचा खडा ज्या द्रवात विरघळतो त्यात दुसरी जात ढिम्म हलत नाही. मग तो फोडण्याकडे वळला. बव्हेरियाच्या ग्रुइटहुइझेन या वैद्याने १८१३ मध्येच दाखवलं होतं की पुरुषाच्या मूत्रमार्गातून सरळ नळी आत जाऊ शकते. तोवर वाट वाकडी म्हणून अवजारही वाकडंच हवं अशी समजूत होती. सरळ नळी जाते म्हटल्यावर तिच्या आत दुसरी आणि तिसरी वस्तू फिरवता येणार होती.

सिव्हियालचं अवजार असं होतं. बाहेर एक सरळ धातूची नळी. तिच्या आत दुसरी, जिच्या टोकाला तीन वाकडे, लवचीक पंजे. आतली नळी पुढे सरकवली की पंजे आपोआप पसरत, मागे ओढली की मिटत. या दुसऱ्या नळीच्या पोकळीतून एक सळई, तिच्या टोकाला दाते, आणि ती सळई बाहेरून धनुकलीच्या दोरीने गरागरा फिरवायची. सुतार हातगिरमिट चालवतो ती हीच युक्ती.

करण्याची रीत अवजाराइतकीच महत्त्वाची होती. आधी काही दिवस जाड होत जाणाऱ्या सळया घालून मूत्रमार्ग सवयीचा करायचा. मग रुग्णाला उताणं निजवून कमरेखाली उशी, म्हणजे खडा मूत्राशयाच्या तोंडापासून मागे घरंगळतो. पिचकारीने कोमट पाणी भरून मूत्राशय फुगवायचं. ही पायरी गाळली तर पंजे उघडायला जागाच राहत नाही आणि खड्याबरोबर आतलं अस्तर पकडीत सापडतं. खडा पकडला की लगेच फोडायचा नाही. अवजार हलकेच पुढे-मागे आणि गोल फिरवून पाहायचं. मोकळं फिरलं तर नुसता खडा हाताला आहे. अडखळलं, रुग्ण कळवळला, तर अस्तर सापडलंय, पकड सोडा. यानंतर भोक पाडायचं, खडा सोडायचा, दुसऱ्या बाजूने धरायचा, पुन्हा भोक. पोखरून अशक्त झालेला खडा पंजांत चिरडतो. आणि काही मिनिटांतच थांबायचं. चुरा लघवीवाटे पडू द्यायचा, चार-आठ दिवसांनी पुढची बैठक. हे सगळं न बघता, निव्वळ हाताला लागणाऱ्या धक्क्यावरून आणि कानावर येणाऱ्या आवाजावरून. मूत्राशयात दुर्बीण घालून बघण्याचं नित्झेचं साधन व्हिएन्नात दाखवलं गेलं ते १८७९ मध्ये, म्हणजे सिव्हियालच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी.

१३ जानेवारी १८२४ रोजी पॅरिसमध्ये विज्ञान अकादमीने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समोर त्याने जिवंत रुग्णावर ही क्रिया केली. छेद न घेता शरीराच्या आतला विकार दूर करणाऱ्या शस्त्रक्रियेची आधुनिक परंपरा अनेक इतिहासकार इथून मोजतात. पुढे अकादमीचं माँतियाँ पारितोषिक मिळालं आणि श्रेयाची भांडणंही जुंपली. लेरुआ देत्योल, आम्युसा, अर्तलू हे तिघंही याच अवजारावर झटत होते आणि आपणच पहिले असं प्रत्येकाचं म्हणणं होतं. यात सिव्हियालची बाजू पूर्ण खरी मानायचं कारण नाही. पंज्यांची कल्पना एकट्या त्याची नव्हती, आणि तीन पंज्यांचं त्याचं अवजार पुढे मागेही पडलं. १८३० च्या दशकात दोन जबड्यांची, स्क्रूने आवळायची अवजारं आली आणि ती अधिक सुरक्षित ठरली. या साऱ्या धांदलीत पॅरिसचा अवजारं बनवणारा कारागीर शार्रिएर याचं नाव मात्र कायमचं राहिलं. मेनरोडवरच्या किंवा अगदी सुरगाण्याच्या औषधदुकानात कॅथेटरच्या पाकिटावर जो १६ फ्रेंच असा आकडा दिसतो, ती त्याचीच मोजपट्टी. आकड्याला तीनने भागा, जाडी मिलिमीटरमध्ये मिळते: साडेपाचच्या आत.

मग सिव्हियालच का शिकवायचा? त्याने पुढे जे केलं त्यासाठी. पॅरिसच्या नेकर रुग्णालयात त्याच्याकडे खड्याच्या रुग्णांसाठी स्वतंत्र खाटा आल्या. मूत्रविकारांचा जगातला पहिला स्वतंत्र विभाग म्हणून तो ओळखला जातो. टीकाकारांना तो छापील खुल्या पत्रांतून उत्तरं द्यायचा. त्यातलं एक पत्र व्हिएन्नाच्या केर्न या ज्येष्ठ शल्यचिकित्सकाला उद्देशून आहे. आणि याच जोडीला त्याने युरोपभरच्या रुग्णालयांकडून, जुन्या वह्यांतून आकडे गोळा करायला घेतले. किती जणांवर चिरफाड झाली, वय काय, किती मेले, किती अपंग राहिले.

१८३५ मध्ये हे आकडे अकादमीपुढे गेले. चिरफाडीची हजारो उदाहरणं होती आणि त्यात जवळपास पाचातला एक रुग्ण दगावला होता. खडा आत फोडण्याच्या नव्या पद्धतीत शंभरातले दोन-तीन. त्या काळचा शल्यचिकित्सक आपली कीर्ती सांगताना यशस्वी रुग्ण सांगायचा. मेलेल्यांची बेरीज करून ती चारचौघांत मांडायची, तीही फक्त आपली नव्हे तर साऱ्या धंद्याची, हे नवीन होतं. अनेकांना ते झोंबलं.

अकादमीने अहवाल तपासायला नेमलेली समितीही तशीच तोलामोलाची होती: गणिती प्वासाँ, भौतिकशास्त्रज्ञ द्युलाँ, नेपोलियनच्या सैन्याचा शल्यचिकित्सक लारे आणि वैद्य दुब्ल. समितीने परिश्रमांचं कौतुक केलं आणि हात आखडता घेतला. तिचं म्हणणं असं की संख्याशास्त्रात माणसाचं वेगळेपण पुसलं जातं, वैद्याला मात्र समोरच्या एका माणसाचाच निर्णय घ्यायचा असतो. बाहेरचा आक्षेप आणखी नेमका होता. नव्या पद्धतीसाठी लहान खड्याचे, धडधाकट रुग्ण निवडले जातात. मोठा खडा, दुखरं मूत्राशय, खालावलेली प्रकृती हे सगळं चिरफाडीच्या वाट्याला जातं. मग दोन्हींची तुलना कशी करायची?

आक्षेप रास्त होता. एक हवेतलं उदाहरण देत नाही, परीक्षेचा प्रश्नच सुचवतो: विद्यार्थ्यापुढे १८३५ चं कोष्टक ठेवा आणि विचारा, यात काय खोटं नाही पण अपुरं आहे? ज्याला रुग्णनिवडीचा दोष तिथे दिसेल, त्याला उद्या एखाद्या लेसरच्या जाहिरातीतल्या 'अठ्ठ्याण्णव टक्के यशा'तही तो दिसेल. पण हेही त्याच्या लक्षात यावं की हा आक्षेप घेता आला, कारण आकडे समोर ठेवलेले होते. ज्यांनी वह्याच ठेवल्या नव्हत्या त्यांच्यावर कुणी काय आक्षेप घेणार?

सिव्हियालच्या पद्धतीतली खरी खोट पुढच्या पिढीला दिसली. त्याचा शिष्य, लंडनचा हेन्री थॉम्प्सन, याने १८६३ मध्ये बेल्जियमचा राजा पहिला लिओपोल्ड याचा खडा काढून नाव मिळवलं. त्याआधी त्याच राजावर खुद्द सिव्हियालचे प्रयत्न फसले होते. पण याच थॉम्प्सनकडे १८७३ च्या जानेवारीत पदच्युत सम्राट तिसरा नेपोलियन आला. दोन बैठका झाल्या, तिसरीच्या आधी रुग्ण गेला. छोट्या छोट्या बैठका कराव्यात कारण मूत्राशयाला जास्त वेळ सोसत नाही, अशी सिव्हियालच्या घराण्याची श्रद्धा होती. १८७८ मध्ये बोस्टनच्या बिगेलो या शल्यचिकित्सकाने ती उलटी केली. त्याचं म्हणणं, मूत्राशयाला अवजार सोसतं. सोसत नाही ते मागे ठेवलेल्या अणकुचीदार तुकड्यांचं टोचणं. तोवर ईथरची भूल आली होती. त्याने एकाच बैठकीत खडा पूर्ण फोडला आणि जाड नळी व रबरी फुग्याने पाणी आत-बाहेर खेळवून सगळा चुरा शोषून काढला. आजही दुर्बिणीने मूत्राशयातला खडा फोडल्यावर जो फुगा वापरतात, तो याच वंशातला.

ही सुधारणा लहान मुलांपर्यंत पोचली ती आपल्या बाजूला. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या इंदुरात डेनिस कीगन हा ब्रिटिश रेसिडेन्सीचा सर्जन होता. मुलांचा मूत्रमार्ग अरुंद, मूत्राशय लहान, म्हणून त्यांना चिरफाडच बरी असं सर्वमान्य मत असताना त्याने १८८० च्या दशकात बारीक अवजारं वापरून मुलांमध्ये एका बैठकीत खडे फोडले आणि एकेका रुग्णाची नोंद ठेवून ते छापलं. तेव्हा गरीब घरांतल्या मुलांना मूत्राशयाचे खडे खूप होत. नुसत्या धान्यावरचा आहार, दूध कमी, त्यामुळे लघवीत फॉस्फेट कमी आणि अमोनिया जास्त, हे त्याचं कारण. आज तो रोग आपल्याकडे बराच मागे हटला आहे. आता मूत्राशयातला खडा दिसतो तो बहुधा प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांमध्ये.

सिव्हियाल १८६७ मध्ये पॅरिसमध्ये वारला. नेकरमध्ये त्याच्यामागून फेलिक्स ग्युयाँ आला आणि १८९० मध्ये या विषयाचा पहिला प्राध्यापक झाला. त्याच रुग्णालयात १९५२ च्या नाताळात आईचं मूत्रपिंड मुलाला बसवलं गेलं. खाटा वेगळ्या केल्या आणि वह्या ठेवल्या तर एका विभागातून काय उभं राहू शकतं, त्याचा हा दाखला.

आता नाशिककडे.

मूत्रवाहिनीतला खडा दुर्बिणीने काढल्यावर वाहिनीला सूज येते. ती बंद पडू नये म्हणून मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत आतून एक नळी ठेवतात. डीजे स्टेंट. दोन्ही टोकं वळलेली, म्हणजे ती सरकत नाही. मोठ्या माणसाला साधारण ६ फ्रेंच जाडीची, २६ सेंटिमीटर लांबीची. उंची कमी असेल तर २२ किंवा २४. आजचं हे रूप १९७८ चं. नळी फार उपयोगाची आहे आणि तात्पुरती आहे. बहुतेकांची दोन ते चार आठवड्यांत निघते. बधिर करणारी लिग्नोकेनची जेली, दुर्बीण, चिमटा, पाच-दहा मिनिटं. खास बनावटीच्या नळ्या सोडल्या तर तीन महिन्यांपलीकडे ठेवू नये.

पण ती राहते. पाकिटातून काढताना बोटाभोवती गुंडाळता येणारी ही नळी वर्ष-दीड वर्षाने बाहेर येते तेव्हा वळलेल्या टोकांवर खड्याचे गोळे धरलेले असतात आणि मधला भाग वाळलेल्या शेवईसारखा कटकन मोडतो. नळीवर आधी जंतूंचा चिकट थर बसतो. त्यातले काही जंतू युरिया फोडून लघवी अल्कलीयुक्त करतात आणि क्षार त्या थरावर बसत जातात. ज्याला मुळात खडे होतात त्याच्यात हे आणखी वेगाने. रुग्णाला पुष्कळदा काहीच त्रास नसतो आणि मूत्रपिंड मात्र दाबाखाली निकामी होत असतं. अशी नळी हिसका देऊन ओढायची नाही. वाहिनीच तुटून हातात येऊ शकते. आधी एक्स-रे आणि सीटी स्कॅन, रक्तात क्रिएटिनिन, मूत्रपिंडाच्या कामाबद्दल शंका असेल तर न्यूक्लिअर स्कॅन, लघवीचं कल्चर (जंतूंची तपासणी) आणि त्यानुसार प्रतिजैविकं. मग मूत्राशयातलं टोक लेसरने मोकळं करायचं, वाहिनीतला भाग वेगळ्या दुर्बिणीने, मूत्रपिंडातलं टोक पाठीतून छिद्र पाडून. जे काम दहा मिनिटांत व्हायचं, त्याला दोन-तीन भुली लागतात.

कारणं कुणाच्या दुष्टपणाची नाहीत. खडा निघाला म्हणजे काम संपलं असं रुग्णाला वाटतं, आणि सुट्टी देताना सगळे घाईत असतात. डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या यादीखाली इंग्रजीत एक ओळ असते. पेठ-सुरगाण्याचा माणूस हंगामासाठी निफाडकडे उतरतो, तेव्हा फाईल घरी आणि मोबाईलचं सिम बदललेलं. नळी ठेवणारा निवासी डॉक्टर तीन महिन्यांत दुसऱ्या युनिटला जातो. त्याच्या लॉगबुकात ती शस्त्रक्रिया 'स्वतः केली' म्हणून नोंदलेली असते. ती ओळ तिथे पूर्ण होते, रुग्णाचं काय झालं ते तिला माहीत नसतं.

म्हणून हा रकाना. नमुन्याची एक ओळ अशी: नोंदणी क्रमांक, वय ४२, तालुका निफाड, डावी बाजू, ६ फ्रेंच, २६ सेंमी, ठेवली १२ मार्च, काढायची २ एप्रिल, काढली कधी, उरलेला तुकडा किती मिलिमीटर, ३० दिवसांत ताप, रक्त चढवणं, पुन्हा दाखल, मृत्यू यांपैकी काही, १० जूनला, म्हणजे नव्वदाव्या दिवशी, सोनोग्राफीत मूत्रपिंड सुजलेलं की नाही. उरलेल्या तुकड्याच्या जागी 'खडा साफ' असं लिहिणं चालू नये. चार मिलिमीटरपर्यंतचे तुकडे क्षुल्लक म्हणून सोडून द्यायची सवय आहे, आणि त्यातले काही वाढतात. सुश्रुताने हेच बजावलं होतं. आकडाच लिहावा.

जो आलाच नाही त्याचं काय करायचं, हा नोंदवहीचा सर्वांत नाजूक भाग. शंभर रुग्णांपैकी ऐंशी परत आले आणि त्यातले अठ्ठ्याहत्तर ठीक असले, तर यश साडेसत्त्याण्णव टक्के लिहायचा मोह होतो. खरं उत्तर असं आहे: अठ्ठ्याहत्तर ठीक, दोन बिघडलेले, वीस माहीत नाहीत. ही तिसरी संख्या वेगळी, ठळक लिहिली पाहिजे. विसरलेल्या नळ्या त्या विसांतच असतात.

वही चालवायला संगणकप्रणालीची वाट बघायची गरज नाही. नळीच्या पाकिटावर मापाची आणि लॉट क्रमांकाची चिकटचिठ्ठी असते. थिएटरमधल्या परिचारिकेने एक चिठ्ठी फाईलवर आणि एक वहीत लावावी, रुग्ण टेबलावर असतानाच. नंतर करू म्हटलं की राहतं. दर सोमवारी तारीख उलटलेल्यांची यादी काढून फोन करावेत. रुग्णाचा आणि घरच्या आणखी एकाचा, असे दोन नंबर घ्यावेत. रुग्णाने आधी संमती दिली असेल तर दुर्गम पाड्यांवर आशाताईंमार्फत निरोप पोचतो. आणि कार्डावर मराठीत, मोठ्या अक्षरांत, औषधांच्या यादीच्या वर:

'तुमच्या शरीरात एक नळी ठेवलेली आहे. ती आपोआप निघत नाही. ती काढण्याची तारीख : ______. त्रास नसला तरी यायचंच आहे. थंडी वाजून ताप आला तर तारखेची वाट न बघता लगेच या.'

दोन अटी मात्र पाळाव्या लागतील. लॉगबुकात रुग्णाचं नाव किंवा फोन जाऊ नये. तिथे फक्त नोंदणी क्रमांक, बाकी माहिती रुग्णालयाच्या वहीत. आणि गुंतागुंत नोंदवली म्हणून विद्यार्थ्याचा एकही गुण कापला जाऊ नये. गुण जावेत ते रकाना रिकामा ठेवल्याबद्दल. हा नियम पहिल्या दिवसापासून लेखी नसला तर वर्षभरात सगळ्या वह्यांत सगळे रुग्ण ठणठणीत दिसू लागतील आणि असलेली माहितीही नासेल. सिव्हियालवरसुद्धा प्रतिस्पर्ध्यांनी त्याच्या रुग्णांचे मृत्यू कमी दाखवल्याचा आरोप केला होता. ज्याला आपले आकडे स्वतःच मोजायचे असतात त्याच्यावर तो होणारच. त्यामुळे वर्षातून एकदा दुसऱ्या महाविद्यालयाच्या शिक्षकाने वहीतल्या काही ओळी उचलून मूळ फाईलशी ताडून पाहाव्यात.

कामाचा बोजा वाढेल, असं म्हटलं जाईल. एका ओळीला दोन मिनिटं लागतात, आणि राहून गेलेली एक नळी थिएटरचे दोन-तीन दिवस खाते. दुसरं म्हणणं असं येईल की हे रुग्णालय प्रशासनाचं काम आहे, विद्यापीठाचं नव्हे. ते आम्हाला पटत नाही. प्रशासन वही देऊ शकतं. शस्त्रक्रिया कधी संपते याची समज विद्यार्थ्याच्या हाताला लागते ती तीन वर्षांच्या शिक्षणात, आणि ते शिक्षण, त्याची परीक्षा, त्याचं लॉगबुक आपल्या अखत्यारीत आहे.

विनंती इतकीच की मूत्रशल्य, शल्यतंत्र आणि शुश्रूषा या तिन्ही अभ्यासमंडळांच्या पुढच्या बैठकीत हा विषय एकत्र घ्यावा. येत्या शैक्षणिक वर्षात फक्त स्टेंट ठेवलेल्या रुग्णांपुरता रकाना सुरू करावा, सहा महिन्यांनी तिन्ही संख्या, ठीक, बिघडलेले आणि माहीत नसलेले, विद्यापीठाच्या संकेतस्थळावर महाविद्यालयांची नावं न देता ठेवाव्यात, आणि मग पाठीतून छिद्र पाडून होणाऱ्या व प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियांकडे वळावं. नोंदवहीचा आणि मराठी कार्डाचा मसुदा एका पानावर मावतो. तो या पत्रासोबत जोडला आहे.

आपले,
नाशिक जिल्ह्यातील काही मूत्रशल्यचिकित्सक, परिचारिका आणि शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञ